२५ फुटी आरव्ही, होल-इन-द-रॉक रोड आणि 'कुठेही लावा, फुकट आहे'

चक्रधर:
अमेरिकेत युटातल्या एस्कलांटे गावाबद्दल परवा इथेच कुणीतरी लिहिलं: "एस्कलांटेला हॉटेल कशाला? २५ फुटी आरव्ही, म्हणजे चाकांवरचं घर, भाड्याने घ्या, तिथल्या होल-इन-द-रॉक रोडवर कुठेही लावा. सरकारी जमीन आहे, परवानगी-बिरवानगी लागत नाही. थेट स्पूकी घळीच्या तोंडाशी झोपा." खाली अंगठ्यांचा पाऊस. तिथे उत्तर दिलं असतं तर पाचव्या पानावर गाडलं गेलं असतं, म्हणून वेगळा धागा.

पहिलं, परवानगी. हा रस्ता ज्यातून जातो त्या ग्रँड स्टेअरकेस-एस्कलांटे या संरक्षित सरकारी क्षेत्राच्या हद्दीत रात्री राहायचं तर परवाना लागतो. पैसे पडत नाहीत, गावातल्या व्हिजिटर सेंटरमध्ये मिळतो. 'फुकट' आणि 'लागत नाही' यांत फरक आहे. 'कुठेही' पण नाही. आधीपासून गाड्या लागून टणक झालेल्या जागीच लावायची. शेजारची काळसर, पापुद्र्यासारखी माती जिवंत असते. चाकाखाली आली की पुन्हा धरायला वर्षानुवर्षं लागतात. १२ मैलांवरचं डेव्हिल्स गार्डन दिसायला झकास, पण ते फक्त दिवसापुरतं. मुक्काम नाही.

दुसरं, रस्ता. हायवे १२ सोडला की पुढे बहुतेक रस्ता कच्चा. स्पूकी आणि तिच्या शेजारच्या पीकाबू घळीचा फाटा २६ मैलांवर. मधे पन्हाळी पत्र्यासारख्या आडव्या लाटा. भाड्याच्या क्लास सीमध्ये, म्हणजे व्हॅनच्या सांगाड्यावरच्या आरव्हीत, ताशी १५ मैलांच्या वर गेलात तर कपाटांच्या खिट्या उघडतात, मायक्रोवेव्हचे स्क्रू ढिले होतात, सिंकखालचा पाइप सुटतो. १५ ने गेलात तर एका बाजूला पावणेदोन तास. फाट्यापासून आत गेल्यावर वरचा पार्किंग लॉट येतो, मोठी गाडी तिथपर्यंतच. खालच्या लॉटला उंच गाडी लागते. म्हणजे तोंडाशी झोपणं वगैरे विसरा.

तिसरं, करार. बहुतेक भाडेकरारांत कच्चा रस्ता वर्ज्य असतो. तिथे काही मोडलं तर विमा हात वर करतो, आणि टो ट्रकचं बिल तुमचं.

बे एरियातला बंड्या:
घ्या, आले हेडमास्तर. त्या रस्त्यावर ऑक्टोबरात दहा-दहा आरव्ही उभ्या असतात, दिसत नाहीत का? पहिले पाच-सात मैल रस्ता सपाट असला की मिनीव्हॅनही जाते. आमच्या मंडळातलं एक कुटुंब दोन पोरं आणि आजीसकट तीन रात्री राहून आलं. काही झालं नाही. सगळं नियमात बसवून फिरायचं तर घरी बसून फोटो बघा.

पाना_पक्कड:
बंड्या, एका कुटुंबाचं काही मोडलं नाही म्हणून रस्ता गुळगुळीत होत नाही. पण पहिल्या काही मैलांबद्दल तू बरोबर आहेस. चक्रधरांनी सगळा रस्ता एकाच मापाने मोजलाय. मुक्कामाच्या बऱ्याच जागा सुरुवातीलाच आहेत आणि कोरड्या दिवशी तिथवर क्लास सी सावकाश जाते. स्वतःची असेल तर. भाड्याची असेल तर करार वाचा.

खरी भीती लाटांची नाहीच, पावसाची आहे. तिथल्या मातीत बेंटोनाइट ही चिकणमाती आहे, ओली झाली की फुगते. मागच्या जोडचाकांच्या फटीत चिखल भरतो आणि ट्रेड, म्हणजे टायरच्या खाचा, गायब होतो. फोर बाय फोरचाही उपयोग नाही, चारही चाकं एकदम घसरतात, एवढंच. पाऊस पडला तर आहे तिथे थांबायचं, एक-दोन दिवस रस्ता सुकेपर्यंत. म्हणून पाणी आणि जेवण दोन दिवसांचं जास्तीचं. जुलै ते सप्टेंबर तर विचारूच नका. ढग वीस मैलांवर फुटतो आणि पाणी निळ्या आकाशाखाली स्लॉटमध्ये, म्हणजे त्या अरुंद घळींत, येतं. स्पूकी काही ठिकाणी दहा इंच रुंद आहे, पळणार कुठे?

टायरची हवा कमी करा असं कुणीतरी सांगेलच, म्हणून आधीच: जीपचा नियम इथे लावू नका. ८० पीएसआयच्या जोडचाकांत हवा फार काढली तर दोन टायरच्या कडा एकमेकींना घासतात, तापतात, फाटतात. एक्सलवरचं वजन आणि टायरचा तक्ता बघून, फार तर थोडी. आणि परत डांबरावर आल्यावर भरायला पंप आहे का? भाड्याच्या गाडीत नसतो.

कढीलिंब:
रस्त्याचं राहू द्या. चार-चार जणांच्या इतक्या सहली होतात, सांडपाण्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. खाली बादली लावून ग्रे टँकची (सिंक-शॉवरच्या सांडपाण्याच्या टाकीची) तोटी अर्धवट उघडी ठेवणारे आपलेच लोक. "झुडपाला पाणी मिळतं" म्हणे!

बे एरियातला बंड्या:
मिळतंच. भांडी घासलेलं पाणी आहे, संडासाचं नाही. केंद्राच्या नियमातच लिहिलंय: गाडीतून सांडपाणी आणि कचरा सोडायला बंदी, 'धुण्याचं पाणी वगळून'. ४३ सीएफआर ८३६५.१-१. वाचा आणि मग बोला.

कढीलिंब:
वाचलंय. ती सूट आहे, आमंत्रण नव्हे. स्थानिक कार्यालय त्याहून कडक नियम लावू शकतं आणि लावतंही. अ‍ॅरिझोनात क्वार्टझसाइटजवळच्या ला पोसा या सरकारी जागेत लांब मुक्कामासाठी किमान १० गॅलनची कायमची बसवलेली सांडपाण्याची टाकी असलेलीच गाडी स्वयंपूर्ण धरतात. ती काय शोभेला?

आणि 'धुण्याचं पाणी' लिहिणाऱ्याने आपलं धुणं पाहिलेलं नाही. फोडणीची कढई, भाताची पेज, डाळीचा लगदा, वर हळद. त्या भागात वर्षाला जेमतेम दहा इंच पाऊस. कुजवणारं काही नाही, वाहून नेणारं काही नाही. तेल वाळूवर थर धरून बसतं. रात्री उंदीर येतात, सकाळी डोमकावळे, आणि पुढच्या आठवड्यात तिथेच दुसरं कुटुंब खुर्च्या मांडतं.

चक्रधर:
मूळ विषय रस्ता आणि परवाना होता...

बे एरियातला बंड्या:
मग पाठीवर पिशव्या घेऊन जाणारे काय करतात? पाणी गाळून दोनशे फुटांवर शिंपडतात. ते चालतं, आमचं नाही?

कढीलिंब:
ते एक लिटर शिंपडतात. तुझ्या टाकीत तीस गॅलन आहेत आणि तू ते एका भोकातून एका जागी सोडतोस. भागाकार येत नसेल तर आरव्ही घेऊ नये.

बे एरियातला बंड्या:
भाषा सांभाळा. इथे कुणी तुमची शिकवणी लावलेली नाही.

पाना_पक्कड:
दोघंही शांत व्हा. टाकी भरतेच का, ते बघा. चाळीस गॅलन पाणी, चार माणसं. माणशी तीन-चार गॅलन धरले तरी तीन दिवसांत खडखडाट, आणि सिंक-शॉवरमध्ये गेलेलं सगळं ग्रे टँकमध्ये. तर ताटं आधी पोळीने पुसून खायची, लहानपणी शिकवलं होतं तसं. कढईत मूठभर कोरडी कणीक टाकायची, तेल शोषून तिचे गोळे होतात. ते कचऱ्याच्या पिशवीत. मग पेपर टॉवेल, मग फवाऱ्याच्या बाटलीने साबणपाणी, आणि शेवटी कपभर पाण्याने विसळ. नळ उघडायचाच नाही. आजी राखेने घासायच्या, त्यांना ग्रे टँक नव्हता आणि नदीही लांब होती. सिंकमध्ये जाळी ठेवा, भाताची शितं टाकीत गेली की चौथ्या दिवशी वास आवरत नाही. रिकामी करायची ती डंप स्टेशनवरच, म्हणजे त्यासाठी ठरलेल्या जागी. आधी ब्लॅक (संडासाची टाकी), मग ग्रे, म्हणजे नळी साबणपाण्याने धुऊन निघते.

निवांत_नाना:
इंडक्शन शेगडी नेली तर चालेल का? गॅसचा वास चालत नाही घरच्यांना.

पाना_पक्कड:
नाना, १८०० वॅटची शेगडी १२ व्होल्टवरून चालवायची तर इन्व्हर्टरचा तोटा धरून १६५-१७० अँपिअर. लेड-अ‍ॅसिडच्या दोन १०० अँपिअर-तासांच्या बॅटऱ्यांतली अर्धीच वापरायची असते. अर्ध्या तासात बॅटरी मेली. नंतर रात्री फर्नेसचा (हीटरचा) पंखा सात-एक अँपिअर मागतो, ऑक्टोबरात तो रात्रभर चालू-बंद होतो. जनरेटरवर चालवा, पण पाच-साडेपाच हजार फुटांवर ४००० वॅटचा जनरेटर ३३०० च्या आसपास देतो. आणि गाडीच्याच टाकीतून पेट्रोल घेणारा जनरेटर पाव टाकी उरली की आपोआप थांबतो, बिघडला म्हणून घाबरू नका. गॅसवरचा फ्रिज असेल तर गाडी समपातळीत लावा. कललेल्या गाडीत तो थंड करणं सोडतो आणि कायमचा खराब होऊ शकतो. प्रोपेनवर कुकर लावा नाना, वासाचं मी घरच्यांशी बोलतो.

कढीलिंब:
आणि त्याच रस्त्यावरून जायच्या कोयोटी गल्च घळीत उतरणार असाल तर विष्ठेची पिशवीसुद्धा परत आणावी लागते. नियम आहे तो, माझं मत नाही. बंड्यासाठी सूट शोधून ठेवलेली नाही.

बे एरियातला बंड्या:
हो हो, तुम्ही जिंकलात, हार-तुरे पाठवतो. तो टोमणा गिळतो. टाकी डंप स्टेशनलाच रिकामी करीन. पण ४३ सीएफआरबद्दल मी बरोबर होतो, ते कुणी लिहून मान्य करेल का?

कढीलिंब:
शब्दशः बरोबर होतास. घे.

चक्रधर:
आता माझ्या विषयाकडे? गाडी हायवे १२ च्या बाजूला एखाद्या कॅम्पग्राउंडवर लावा, गावातून एका दिवसासाठी जीप घ्या. पीकाबूने वर, स्पूकीने खाली. पीकाबूच्या तोंडाशी दहा-बारा फूट भिंत चढायची आहे, पायाला खोबणी आहेत. उलट दिशेने गेलात तर दहा इंचांत समोरून येणाऱ्याशी गाठ. जीप नकोच असेल तर डांबरावरूनच लोअर काफ क्रीकला जा, येऊन-जाऊन सहा मैल, शेवटी १२६ फुटांचा धबधबा. फक्त पार्किंग चिमुकलं, लांब गाडी घेऊन सकाळी आठनंतर जाऊ नका.

बे एरियातला बंड्या:
जीप घेतो. परवानाही घेतो, फुकट आहे म्हणताय तर. कणीक मात्र कढईत घालणार नाही, बायको दोघांनाही गाडीबाहेर काढेल.

निवांत_नाना:
कुकर तीन लिटरचा पुरेल का?