मोठ्या आर्किटेक्चर फर्ममधले अनुभव लिहा

कुर्लाकर
काल लोअर परळच्या पुलावरून एक टॉवर दिसला, राहायला माणसंही आलीत. त्यातल्या टॉयलेटची डिटेल्स आणि शाफ्ट (पाइप वरखाली नेणारी उभी पोकळी) मी काढलेत, बाकी टॉवर माझ्या हातून गेलाच नाही. मोठ्या फर्ममध्ये असंच, एकाकडे दर्शनी भाग, एकाकडे पार्किंग, एकाकडे जिना. पण प्लंबिंग मला तिथे कळलं तेवढं बी.आर्क.च्या (आर्किटेक्चरच्या पदवीच्या) ५ वर्षांत कळलं नव्हतं. स्ट्रक्चरवाले, एमईपीवाले (एसी, वीज, प्लंबिंग बघणारे), फायरवाले एका टेबलावर वाद घालतात, ते ऐकत बसणं हेच खरं शिक्षण. मोठ्या फर्ममध्ये जायचं का, हे भाच्याला यंदा ठरवायचंय, लिहा सगळ्यांनी.

रविवारची_लोकल
पगार ठरल्या तारखेला!! आधीच्या छोट्या ऑफिसात क्लायंटचा चेक आला की आमचा पगार. घराचा हप्ता चालू असला की याची किंमत कळते.

तिसरा_मजला
सबमिशनच्या आठवड्यात शेवटची कर्जत चुकायची. ओव्हरटाइम नाही, रात्रीचं जेवण तेवढं द्यायचे. मुलगी झाल्यावर सोडलं. काम फार आवडायचं हो.

दादर_पश्चिम
ताई, रेव्हिट (नकाशे काढायचं सॉफ्टवेअर) येतं ना? घरून काम देणारी ऑफिसं आहेत आता, विचारून बघा. आणि कुर्लाकर, कॉलेजात आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांच्या कांचनजंगा इमारतीचे सेक्शन काढलेला मुलगा इथे महिनोन्महिने पार्किंगच्या रेघा मारतो, खचतो हो. साइटवर पाठवणार का, हे भाच्याने मुलाखतीतच विचारावं.

फाइलवाला
मुंबईत राहायचं तर डीसीपीआर २०३४ (मुंबईची बांधकाम नियमावली) यायलाच हवं. त्यातला नियम ३३(७) म्हणजे जुन्या उपकरप्राप्त (दुरुस्तीचा उपकर भरणाऱ्या) इमारती, ३३(१०) झोपडपट्टी पुनर्वसन. मोठ्या फर्ममध्ये पालिकेचं बघायला वेगळी टीम, डिझाइनवाल्याला फाइल दिसतही नाही. छोट्या ऑफिसात आयओडीपासून (पालिकेची पहिली सशर्त मंजुरी) ओसीपर्यंत (राहायला जायचा दाखला) सगळं अंगावर पडतं, त्यात माणूस तयार होतो. माझं मत, आधी छोटी फर्म, मग मोठी. उलट केलं तर पगार कमी करून घ्यायला जीव होत नाही, असं नेहमी बघतो.

रविवारची_लोकल
दादा, आमची चाळ ३३(७) मध्येच गेलीय, बिल्डरने तात्पुरत्या घराचं भाडं देणं बंद केलंय. काय करायचं?

फाइलवाला
म्हाडाच्या इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाकडे लेखी तक्रार द्या, पोच घ्या. एकट्याने नको, सगळ्या भाडेकरूंच्या सह्या घ्या. करारनामा काढून ठेवा, संध्याकाळी व्यनि (खाजगी निरोप) करतो.