मदत हवी आहे : फौजी घरातल्या मुलांचं पाळणाघर

नमस्कार मंडळी. देवळाली कॅम्पजवळ माझं छोटं पाळणाघर आहे, 22 मुलं. स्कूल ऑफ आर्टिलरी इथलंच, त्यामुळे बहुतेक पालक फौजी. तोफांचा सराव सुरू झाला की नवी मुलं दचकतात, जुनी मानसुद्धा वर करत नाहीत!

अडचण वेगळीच आहे. बदलीची ऑर्डर वर्षाच्या मध्येच येते आणि एकदम तीन-चार मुलं जातात. मावशींचा पगार थोडाच थांबतो? महिनाभर आधी सांगा म्हणायला जीभ रेटत नाही, ऑर्डर काय त्यांच्या हातात असते! अनामत रक्कम किंवा प्रतीक्षा यादी कुणी ठेवता का?

दुसरं, बाबा फील्डला (कुटुंब सोबत नेता येत नाही अशा पोस्टिंगवर) गेले की तीन-चार वर्षांची मुलंही पुन्हा चड्डीत शू करतात, दुपारी झोपत नाहीत. एकीच्या उशीला बाबांचा टी-शर्ट घातला, तर झोपली. बाकीच्यांचं काय करू?

आणि आई आजारी पडली तर मुलाला न्यायला कोण येणार, ते नाव आम्ही लिहून घेतो. पण ऐन वेळी त्या शेजाऱ्यांचीच बदली झालेली असते. खडकी, अहिल्यानगर, कामठीच्या लष्करी छावण्यांजवळ पाळणाघर चालवणाऱ्या ताईंनो, तुम्ही कसं निभावता?