विषय: नारळीकर सरांसाठी रविवारची सभा

नमस्कार मंडळी,
डॉ. जयंत नारळीकर २० मे २०२५ रोजी पुण्यात गेले, हे एव्हाना सगळ्यांना कळलंच आहे. रविवारी चार वाजता नेहमीच्या हॉलमध्ये जमू या. फोटो, हार, समई ठरलंय. कोण बोलणार ते कळवा.
– सचिव

---

सचिवताई,
मी बोलतो. पण पद्मविभूषण, महाराष्ट्रभूषण ही यादी माझ्याकडून वाचून घेऊ नका.
लंडनला मुलाकडे यायच्या आधी मी विदर्भात कॉलेजात फिजिक्स शिकवायचो. आमच्या लायब्ररीत परदेशी जर्नल म्हणजे चैन. सरांनी मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेतली प्राध्यापकी सोडून पुणे विद्यापीठाच्या आवारात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था उभी केली, ती आमच्यासारख्यांसाठी. सुट्टीत जायचं, राहायची सोय, हवी ती पुस्तकं, कॉम्प्युटर. ज्यांचे पेपर वाचले ती माणसं जेवायला शेजारी. येताना बॅगेत कपडे कमी आणि झेरॉक्सचे गठ्ठे जास्त. आणि कुठल्या कॉलेजचे म्हणून कुणी आम्हाला जोखलं नाही.
– काका

---

काका, हे जरूर सांगा. एक शंका आहे. सर ज्याच्या बाजूने उभे राहिले तो स्थिर विश्वाचा सिद्धांत (विश्वाला सुरुवात नाही, ते कायम सारखंच असतं) मागे पडला ना? मुलं हमखास विचारतील. तो विषय टाळायचा का?
– कार्यकारिणी सभासद (मुलं माझ्याच घरची)

---

अरे, टाळायचा कशाला? तीच तर खरी गोष्ट आहे, आणि घडली आपल्याच गावात.
१९६१ चा फेब्रुवारी. केंब्रिजचे मार्टिन रायल आकाशातल्या रेडिओ स्रोतांची मोजणी घेऊन सरांचे गाइड फ्रेड हॉईल यांच्या याच सिद्धांतावर तुटून पडले होते. इथे लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीत उत्तर द्यायचं, तर हॉईल यांना त्या दिवशी दुसरीकडे जायचं होतं. त्यांनी पाठवलं कुणाला, तर पीएचडीला नुकत्याच लागलेल्या बावीस वर्षांच्या नारळीकरांना! स्वतःची अब्रू पणाला लागलेली असताना पोरावर असा भरवसा टाकणारा गाइड मला तरी भेटला नाही.
पुढे १९६५ मध्ये पार्श्वभूमीचं सूक्ष्मलहरी प्रारण, म्हणजे आकाशात सगळीकडून येणारी मंद ऊब, सापडलं आणि बहुतेक सगळे महास्फोटाकडे, म्हणजे विश्वाला सुरुवात होती या बिग बँगच्या सिद्धांताकडे, वळले. सर मात्र हॉईल आणि खगोलशास्त्रज्ञ जेफ्री बर्बिज यांच्याबरोबर १९९३ मध्ये सुधारलेला सिद्धांत घेऊन पुन्हा उभे राहिले. मला तो पटला नाही, आजही पटत नाही. पण आयुकात महास्फोट मानून काम करणारे कितीतरी होते, आणि संचालक होते नारळीकर. त्यांच्या मताविरुद्ध काम केलं म्हणून कुणाचं काही अडलं नाही. आपल्याकडच्या विभागप्रमुखांची सवय असलेल्याला हे नवलच होतं. मुलांना हेच सांगू.
– काका

---

मी पुण्याची, म्हणून मध्ये तोंड घालते. शाळेतली मुलं सही मागायला गेली की सर म्हणायचे, पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठवा. उत्तर यायचं, त्याखाली सही. पुण्यात ही गोष्ट घरोघरी माहीत होती. तर हाराऐवजी कोरी कार्डं आणू या का? मुलं प्रश्न लिहितील. उत्तरं काका आणि आपले पीएचडीवाले देतील. आणि मंगलाताईंचा उल्लेख राहू नये. त्या स्वतः गणितज्ञ होत्या, नुसत्या सरांच्या पत्नी नव्हेत.
– कोथरूडकर

---

मंजूर. हार रद्द, समई राहील. कार्डं मी आणते. प्रश्न इंग्रजीत लिहिले तरी चालतील, पण "एलियन असतात का" एकाच कार्डावर घ्या, नाहीतर सगळी तीच येतील. काका, वीस मिनिटं हं, पाचला चहा येतो.
– सचिव