मदत हवी आहे : सकाळची शाळा झाल्यापासून पोरगा ऐकतच नाही

भुसावळची_आई
सोमवारपासून शाळा सकाळची झाली आणि रोज तोच तमाशा. उठवलं की लाथा, मोजे चारदा काढून फेकतो. खाली रिक्षावाले काका हॉर्न वाजवतात आणि हा पलंगाखाली. दोनदा मीच स्कूटीवर नेलं, तर फाटकाशी ओढणी सोडेना. बक्षीस देऊन झालं, ओरडून झालं, काल धपाटाही दिला आणि मग मीच रडले. लवकर सांगा काहीतरी, मला ९ ला ऑफिस असतं.

तापीकाठ
वय किती? आधी शाळा किती वाजता होती? रात्री झोपतो कधी?

भुसावळची_आई
साडेपाच वर्षांचा. आधी ११ ते ४, आता ७:१५. झोपायला दहा-साडेदहा होतात. मार्चातच घर किती तापतं माहितीये ना, गल्लीतली सगळी पोरं तोवर बाहेरच असतात.

जळगावचा_बाप
मग गणित सरळ आहे. या वयाला दहा तास तरी झोप लागते, तुमच्याकडे साडेसात-आठ होतेय. पण एकदम आठला आडवं करू नका, नुसता छताकडे बघत बसेल. रोज पंधरा मिनिटं अलीकडे घ्या. कूलर जेवणाआधीच लावा. आमच्या लेकीला आठ-दहा दिवस लागले.

मास्तर_चाळीसगाव
मुळात चौथीपर्यंतचे वर्ग ९ च्या आधी भरवू नयेत असं फेब्रुवारी २०२४ मध्येच सरकारने सांगितलंय. शाळेला जाब विचारा.

धुळेकर
मास्तर, खान्देशातल्या उन्हात दुपारी पत्र्याखाली बसवायची का पोरं? उन्हाळ्यात शाळा सकाळचीच बरी.

मास्तर_चाळीसगाव
पत्रे बदला, पोरांची झोप कशाला मोडता?

यश_२१
ताई, पहिलीपासून सीबीएसईला टाका. आमच्या भाच्याला खूप फरक पडला.

तापीकाठ
फरक कशात पडला? मोज्यात?

अहिराणी_माय
पोऱ्याले आंगोय कोन घालस? पयले कोन घाले?

भुसावळची_आई
सासूबाई घालायच्या. उठवणं, आंघोळ, डबा सगळं त्याच करायच्या. जावेचं बाळंतपण आहे म्हणून पंधरा दिवसांपूर्वी चोपड्याला गेल्या. आमचे हे रेल्वेत गार्ड, कॉल आला की निघायचं, त्यामुळे त्यांचा भरवसा नाही. पण मावशी, प्रश्न शाळेचा आहे.

अहिराणी_माय
आजी सांगीसन गई का?

भुसावळची_आई
नाही. रडेल म्हणून तो झोपेत असतानाच पहाटेच्या बसने गेल्या. त्याला सांगितलं, बाजारात गेलीये.

तापीकाठ
अहो ताई, हे पहिल्या ओळीत लिहायचं ना! पंधरा दिवस झाले, आजी बाजारातून आलीच नाही. तो झोपला की माणूस नाहीसं होतं, एवढंच त्याला कळलंय. म्हणून झोपायचं नाही आणि फाटकाशी ओढणी सोडायची नाही. रात्री उठतो का?

भुसावळची_आई
दोनदा उठून मला हात लावून बघतो. मला वाटलं उकडतंय. दोन वर्षांनी अंथरूणही ओलं केलं या आठवड्यात.

जळगावचा_बाप
त्यावर अजिबात ओरडू नका, घडी विस्कटली की या वयात होतं असं. मात्र लघवीला जळजळ, ताप किंवा फार तहान असेल तर डॉक्टरांना दाखवा. बाकी झोपेचं माझं गणित चुकलेलं नाही, एवढं सांगतो.

लोको_वहिनी
आमच्याकडेही रनिंगचीच ड्युटी. लहान पोराला घड्याळ कळत नाही, कशानंतर काय ते कळतं. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर चित्रं काढा : दात, आंघोळ, दूध, मोजे, रिक्षा, शाळा, आणि शेवटी घ्यायला येणारं माणूस. ते शेवटचं विसरू नका. आम्ही फ्रिजवर इंजिनाचं चित्र लावतो. बाबा ड्युटीवर तर इंजिन वर, घरी आले की खाली. रात्री कॉल आला तरी पोरगी सकाळी उठून आधी फ्रिज बघते. आणि फाटकाशी रेंगाळू नका. एक पापा, घ्यायला कोण येणार ते सांगायचं, निघायचं. पण गुपचूप सटकायचं नाही.

धुळेकर
चोपड्याहून येताना आजींना बामणोदची वांगी आणायला सांगा, भरीत केलं की पोरगा आपोआप उठेल.

मास्तर_चाळीसगाव
मार्चात कसली भरताची वांगी? ती थंडीत, कापसाच्या काड्यांवर भाजून.

भुसावळची_आई
काल रात्री सासूबाईंना व्हिडिओ कॉल लावला. त्यांनी सगळं खरं सांगितलं, बाळ दाखवलं, अखाजीला (अक्षय्य तृतीयेला) परत येते म्हणाल्या. मला वाटलं भोकाड पसरेल. त्याने एकच विचारलं, "मग मला उठवलं का नाही?" सासूबाईंना बोलताच येईना.
आज पलंगाखालून स्वतः बाहेर आला. मोजे घातले नाहीत, हातात घेऊनच रिक्षात बसला. चित्रं आज रात्री काढते. इंजिन मला जमत नाही, हे आले की त्यांच्याकडून काढून घेते.

अहिराणी_माय
ऱ्हाऊ दे मोजा.