मदत हवी आहे: चार वर्षांची लहरी लेक आणि मालवणची ट्रिप

डिसेंबरात सासू-सासऱ्यांसह पाच दिवस मालवण-तारकर्लीला निघालोय. दादर ते कुडाळ रेल्वे, पुढे रिक्षा. लेकीचा मूड घडीत ऊन, घडीत पाऊस. मागच्या वेळी गणपतीपुळ्याला पायाला ओली वाळू चिकटली म्हणून तासभर भोकाड! समुद्र राहिला बाजूला, मी बाटलीतल्या पाण्याने तिचे पाय धूत बसले.

मोबाइल दिला की गप्प बसते, पण काढून घेताना जो तमाशा होतो तो नको. गाडीत इतके तास काय खेळवता? वाटेत करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा आहे, तिथे घाबरते की खूश होते देव जाणे. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होडीत एवढ्या लहान मुलांना कुणी नेलंय का? भातुकली सोबत घेऊ का? (सासूबाई म्हणतात, "चार शिंपले दे हातात, बसेल खेळत." बघू.)