हीथ्रोला जाणारे शहर बसमार्ग: मामांच्या वहीतली निळी बस

प्रश्न : ठाणेकर_भाचा

माझे मामा 1968 साली शिक्षणासाठी लंडनला गेले होते. त्यांच्या हिशेबाच्या वहीच्या पहिल्याच पानावर अशी नोंद आहे : "रोमला विमान बदलले. हीथ्रोहून दुमजली बस, निळी-पांढरी. सामान मागे जोडलेल्या छोट्या गाडीत. क्रॉमवेल रोडला उतरलो." लंडनची दुमजली बस म्हणजे लाल, हे आम्हां भाच्यांच्या डोक्यात इतके पक्के बसले आहे की मामांनी हे पान पुढे कधीतरी आठवणीवरून लिहिले असावे, असेच आम्ही धरून चाललो होतो. अशी बस खरोखर होती का, आणि असल्यास ती शहर वाहतुकीची होती की विमान कंपनीची? पुढच्या महिन्यात मी मुलीकडे नैऋत्य लंडनमधील किंग्स्टनला जाणार आहे, तेव्हा हीथ्रोहून आज कोणती बस मिळते, हेही कोणी सांगितल्यास उपकार होतील.

उत्तर 1 : जुनी_तिकिटे

मामांची नोंद अक्षरशः खरी आहे. ब्रिटिश युरोपियन एअरवेज, म्हणजे बीईए, ही कंपनी आपल्या प्रवाशांची नोंदणी आणि सामानाची तपासणी थेट शहरात, क्रॉमवेल रोडवरच्या वेस्ट लंडन एअर टर्मिनलमध्ये करत असे आणि तेथून त्यांना बसने विमानतळावर नेत असे. तुम्ही विचारलेल्या "कोणाची बस" या प्रश्नाचे उत्तर मात्र दुहेरी आहे, कारण गाड्या बीईएच्या मालकीच्या असल्या तरी त्या चालवण्याचे काम लंडन ट्रान्सपोर्टकडे, म्हणजे शहर वाहतूक संस्थेकडे, होते. आधीच्या गाड्या दीडमजली होत्या, म्हणजे मागची आसने उंचावर आणि त्यांच्याखाली सामानाचा कप्पा. 1966-67 मध्ये त्यांच्या जागी 65 रूटमास्टर, म्हणजे लंडनच्या प्रसिद्ध दुमजली बस, आल्या. नेहमीच्या रूटमास्टरला मागे उघडा चौथरा असतो, पण येथे मागे सामानाची जोडगाडी अडकवायची असल्यामुळे दार पुढे घेतले होते. 1965 मध्ये एम 4 महामार्ग चिझिकपासून विमानतळाच्या पलीकडे लँग्लीपर्यंत खुला झाला होता, तेव्हा त्या वेगाला साजेशी गिअरची रचनाही या गाड्यांना दिलेली होती. रंग सुरुवातीला निळा-पांढरा होता आणि पुढे तो नारिंगी-पांढरा झाला, त्यामुळे मामांच्या नोंदीतला रंग सालाशीही जुळतो. रोमचा उल्लेखही मला महत्त्वाचा वाटतो. मामा बीओएसीच्या, म्हणजे युरोपबाहेरच्या लांब पल्ल्यावर उडणाऱ्या दुसऱ्या ब्रिटिश कंपनीच्या, विमानाने मुंबईहून थेट आले असते, तर त्यांची बस बहुधा व्हिक्टोरियाजवळच्या बकिंगहॅम पॅलेस रोडवरील टर्मिनलला गेली असती. क्रॉमवेल रोडला उतरले, याचा अर्थ रोमपासूनचा टप्पा त्यांनी बीईएने केला असावा.

पिकॅडिली मार्गाची ट्यूब, म्हणजे भुयारी रेल्वे, 1975 मध्ये विमानतळालगतच्या हॅटन क्रॉसपर्यंत आणि 16 डिसेंबर 1977 रोजी हीथ्रो सेंट्रलपर्यंत पोहोचली. त्यानंतर ही बस फार टिकली नाही, 1979 मध्ये ती बंद झाली.

उत्तर 2 : हाउन्स्लोवासी

वरील माहिती अचूक आहे, पण ती उडणाऱ्यांच्या बसची झाली. मूळ प्रश्न शहर बसमार्गांचा असेल, तर विमानतळावर कामाला जाणाऱ्यांच्या बसबद्दल बोलल्याशिवाय तो इतिहास अर्धाच राहतो.

हीथ्रोची मांडणी मोठी चमत्कारिक आहे. 1946 मध्ये नागरी वाहतूक सुरू झाली तेव्हा प्रवाशांची व्यवस्था उत्तरेला बाथ रोडलगत तंबूंमध्ये होती, म्हणजे रस्त्यावरून धावणारी कोणतीही बस दारातच थांबू शकत होती. 1955 मध्ये नव्या इमारती धावपट्ट्यांच्या मधोमध उभ्या राहिल्या आणि तेथे जायला उत्तरेच्या धावपट्टीखालून बोगदा काढावा लागला. तेव्हापासून कोणताही मार्ग मधल्या भागात न्यायचा, तर बसला मुख्य रस्ता सोडून बोगद्यातून आत जाऊन त्याच बोगद्यातून परत यावे लागते. म्हणूनच हाउन्स्लोहून स्लाउला जाणारी 81 आजही बाथ रोडनेच सरळ पुढे निघून जाते.

ट्यूब आली तशी बीईएची बस गेली. ऐंशीच्या दशकात लंडन ट्रान्सपोर्टने "एअरबस" नावाने ए 1 आणि ए 2 हे थेट मार्ग सुरू केले. त्यांत सामानाच्या मांडण्या होत्या, पुढे चाकाच्या खुर्चीसाठी उचलयंत्रही आले, तरीही 1998 च्या हीथ्रो एक्स्प्रेस या जलद रेल्वेनंतर तेही काही वर्षांतच आटोपले. याउलट साउथॉलमधून येणारी 105 आणि किंग्स्टनच्या 111 व 285 या मात्र टिकून आहेत आणि रात्रभर चालतात. मध्य लंडनहून येणारी एन 9 ही तर निव्वळ रात्रीचीच बस. पहाटे साडेतीनच्या 285 मध्ये बसून पाहावे : बॅगा दोन-तीनच असतात, बाकी सगळ्यांच्या गळ्यात ओळखपत्रे आणि मांडीवर डबे. सफाई, सामानाची चढउतार, विमानातील जेवण ही कामे पहिल्या ट्यूबच्या आधी सुरू होतात, त्यामुळे रेल्वे कितीही आल्या तरी या बसना पर्याय नाही. साउथॉल-हाउन्स्लोमधील कितीतरी पंजाबी कुटुंबांचा संसार या पाळ्यांवर उभा राहिला. विमानतळाच्या हद्दीत या बसमध्ये कोविडच्या सुमारापर्यंत भाडेही लागत नसे, आणि ती सवलत काढून घेतली हे माझ्या मते चुकलेच.

किंग्स्टनसाठी टर्मिनल 2 व 3 मधील मध्यवर्ती बस स्थानकावरून एसएल 7 घ्यावी. हा मार्ग नवा नाही. पूर्वीची ग्रीन लाइन या जलद बससेवेची 726 ही 2005 मध्ये एक्स 26 झाली आणि 2023 मध्ये सुपरलूप या जलद बसमार्गांच्या जाळ्यात घेताना तिला आजचा क्रमांक मिळाला. त्याच वेळी तिच्या फेऱ्या अर्ध्या तासाऐवजी दर पंधरा मिनिटांनी झाल्या. मोजकेच थांबे असल्याने सामान असलेल्यांना ती 285 पेक्षा सोयीची पडते. लंडनच्या बसमध्ये 2014 पासून रोख पैसे घेत नाहीत, तेव्हा संपर्करहित कार्ड जवळ ठेवावे.

प्रश्नकर्त्याचे उत्तर : ठाणेकर_भाचा

दोघांचेही आभार. वही पुन्हा उघडली तेव्हा त्याच पानाच्या खाली एक ओळ सापडली, ती आम्ही इतकी वर्षे वाचूनही सोडून दिली होती : "परतीच्या वेळी सामान येथेच द्यायचे, विमानतळावर नाही." पहिल्या उत्तरातील क्रॉमवेल रोडची पद्धत वाचल्यावर आता ती कळली. एसएल 7 ने जाईन.