नोकरी लागली, पण टिकली का? सातारा-सांगलीकरांनो, तुमचे अनुभव लिहा

गेली नऊ वर्षं मी सांगलीत दिव्यांग मुलामुलींना कामाला लावायच्या खटपटीत आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे प्रकार 7 वरून 21 केले, सरकारी नोकरीतलं आरक्षण 3 वरून 4 टक्क्यांवर नेलं. चांगलं झालं. पण माझ्याकडे येणारी बहुतेक मुलं कुपवाडच्या कारखान्यांत, मार्केट यार्डात, दुकानांत जातात, आणि लागलेली नोकरी तिसऱ्या महिन्यात सुटते तेव्हा मला रात्री झोप लागत नाही. म्हणून हा धागा. काम कोणतं होतं, कुठे अडलं, कोणी काय बदललं, एवढं लिहा. कुणाचं नाव नको, कंपनीचंही नको.

सुरुवात मीच करते. आयटीआय केलेला एक कर्णबधिर मुलगा, टर्नर, हाताला सफाई. पहिल्या कंपनीत अडीच महिने टिकला. ओव्हरटाइम कोणाला थांबायचंय हे सुपरवायझर चहाच्या वेळी ओरडून सांगायचे. याला कळायचंच नाही, हा घरी निघून जायचा आणि दुसऱ्या दिवशी बोलणी खायचा. दुसऱ्या कंपनीत मी आधीच जाऊन बसले. मशीनजवळ एक पांढरा फळा लावून घेतला, रोजचा जॉब आणि सुट्टीची वेळ त्यावर लिहायची. शेजारच्या दोघांनी त्याच्याकडूनच पंचवीस-तीस खुणा शिकून घेतल्या. त्याला आता तिथे चार वर्षं झाली, आणि नवीन पोरांना तोच शिकवतो.

तासगावहून, एक आई

ताई, माझी लेक 24 वर्षांची आहे. बौद्धिक अक्षमता आहे, लिहिता येत नाही, आकडे 10 पर्यंत. शाळा संपल्यावर तीन वर्षं घरातच बसली होती. आमच्याकडं बेदाण्याचं काम म्हटलं तर सीझन संपला तरी संपत नाही, कोल्ड स्टोरेजमधला माल वर्षभर निघतो. ओळखीच्या एका काकांच्या पॅकिंगला तिला नेलं. पहिल्या दिवशी त्यांनी तिला निवडायला बसवलं. काळा-पिवळा दाणा वेगळा करताना ती गोंधळली, रडायला लागली. मीही रडले.

काकूंनी मात्र सोडलं नाही. त्या म्हणाल्या, "हिला एकच काम देऊया, वजनाचं." काट्याच्या डिजिटल पडद्यावर त्यांनी 250 चा आकडा जसा दिसतो तसाच कागदावर मोठा काढून शेजारी चिकटवला. दोन्ही सारखं दिसलं की पिशवी पुढे द्यायची. आकडा वाचायची गरजच नाही! आठ दिवस मी शेजारी बसले, नंतर अर्धा दिवस, नंतर फक्त सोडायला. आता तिचा हात एवढा बसलाय की दोन दाणे जास्त झाले तरी काढते.

अडचण दुसरीच आली. पगार माझ्या हातात द्यायचे. ती विचारायची, माझे कुठायत? शेवटी तिच्या नावाचं खातं काढलं. शनिवारी 50 रुपये ती स्वतः मोजून घेते, कांदाभजी आणते, सगळ्यांना देते. तिच्या आज्जीला पहिल्यांदा तिने भजी दिली तेव्हाचं मला लिहिता येत नाही.

कराडहून

मी सरकारी आस्थापनेत तांत्रिक कामावर होतो. अपघातात उजवा हात कोपराखाली गेला. रजा संपल्यावर साहेबांनी कोरा कागद पुढे केला, "स्वखुशीने राजीनामा लिहा, पैसे लवकर मिळतील." घरात सगळे म्हणत होते लिहून टाक. एका मित्राने 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम 20 दाखवलं: सेवेत असताना अपंगत्व आलं तर सरकारी आस्थापनेला कर्मचाऱ्याला काढता येत नाही की पदावनत करता येत नाही. ते काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसऱ्या पदावर घ्यायचं. मी अर्ज तेवढ्याच भाषेत लिहिला आणि पोच घेतली. सात महिने लागले. आज स्टोअरला आहे, डाव्या हाताने लिहायला शिकलो. कोणी कागद पुढे केला तर त्या दिवशी सही करू नका, एवढं हात जोडून सांगतो.

मिरजेहून

व्हीलचेअरवर आहे. काम आवडायचं, माणसंही चांगली होती. स्वच्छतागृहाचा दरवाजा अरुंद होता, चेअर आत जायची नाही. मी सकाळपासून पाणी पीत नव्हते. दोनदा लघवीचा संसर्ग झाला, मग सोडलं. कारणाच्या रकान्यात "वैयक्तिक" लिहिलं. आज वाटतं, खरं लिहायला हवं होतं.

साताऱ्याहून

मी पूर्ण अंध आहे, पोवई नाक्याजवळच्या एका कार्यालयात टंकलेखन करते. एनव्हीडीए हा मोफत स्क्रीनरीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर आवाजात वाचून दाखवणारा प्रोग्रॅम, मराठी वाचतो, पण मजकूर युनिकोडमध्ये (कुठल्याही संगणकाला मराठी अक्षर मराठी म्हणूनच ओळखू येतं ती पद्धत) असेल तरच. आमच्याकडच्या जुन्या फाइली जुन्या फॉन्टमध्ये होत्या, त्या वाचायला लावल्या की नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं ऐकू यायची. सहकाऱ्यांना वाटायचं मला काम येत नाही. एका दादांनी फाइली युनिकोडमध्ये बदलून दिल्या, आणि पुढचं सगळं युनिकोडमध्येच टाइप करायचं ठरलं. त्याच आठवड्यात माझं काम बाकीच्यांच्या बरोबरीने निघायला लागलं. स्कॅन केलेली पत्रं अजून अडतात, ती कोणीतरी वाचून दाखवावी लागतात.

शिरवळहून, एक लहान उद्योजक

माझी चूक लिहितो. पायाने अधू असलेल्या एका मुलाला मी गेटवर बसवलं, वाटलं त्याला त्रास नको. दोन वर्षं ना नवीन काम दिलं, ना पगारवाढ. तो गेला. जाताना म्हणाला, "साहेब, मला मशीन शिकायचं होतं." त्यानंतर आलेल्या मुलीला पहिल्या दिवशीच विचारलं, काय शिकायचंय? तिला उंच स्टूल आणि पाय टेकायला फळी लागत होती. सुताराने अर्ध्या दिवसात करून दिलं.

धागा सुरू करणारी

मिरजेच्या ताई, तुमचं वाचून आज दुपारी मी एका कंपनीत टेप घेऊन गेले. दरवाजा 61 सेंटिमीटर भरला, आमच्या मुलीची खुर्ची 66. मालकांना सांगितलंय, सोमवारी गवंडी येतोय.